त्रेपन्न दिवस: एका पीककर्जाचं प्रकरण

हे प्रकरण यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कोरडवाहू गावातलं आहे. गाव, बँक, दुकान यांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. शेतकऱ्याला मी काका म्हणते, म्हणून इथेही ते काकाच. मी महिला बचत गटांच्या वह्या तपासायचं काम करते. काकू आमच्या एका गटात आहेत, आणि त्या ओळखीने २०२२ पासून या घराच्या बँकेच्या फायली माझ्या पिशवीतून फिरल्या आहेत. एका निर्णयात माझाही वाटा होता आणि तो चुकला. तेही खाली येईलच.

पार्श्वभूमी

जमीन पाच एकर, म्हणजे दोन हेक्टर. विहीर आहे, पण जानेवारीनंतर पाणी तळाला जातं. तीन एकर पऱ्हाटी (कपाशी), दोन एकर सोयाबीन, धुऱ्याला तूर. काकांच्या वडिलांचं १,१२,००० रुपयांचं थकीत पीककर्ज २०१९ च्या महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजनेत माफ झालं. २०२० मध्ये वडिलांनी स्वतः जाऊन आधारचा अंगठा दिला होता. २०२१ मध्ये ते वारले. सातबारावर वारस म्हणून तीन नावं चढली: काका, चाकणला कंपनीत असलेला धाकटा भाऊ आणि वर्ध्याकडे दिलेली बहीण. वाटणी झालीच नाही. भाऊ-बहिणीत वाद नाही, म्हणून कोणाला घाईही वाटली नाही.

२०२२ मध्ये काकांच्या नावाने एका राष्ट्रीयीकृत बँकेत किसान क्रेडिट कार्ड निघालं. योजना कागदावर चांगली आहे, हे आधी कबूल करते. ३ लाखांपर्यंत ७ टक्के व्याज, वर्षाच्या आत भरलं तर केंद्राकडून ३ टक्के परत, आणि वर राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना. म्हणून तर जाहिरातीत 'शून्य टक्के व्याजाने पीककर्ज' असं लिहिलेलं असतं.

पहिल्या वर्षी पैसे खात्यावर आले ८ जुलैला. आमच्याकडे पेरणी तोवर आटोपलेली असते. बियाणं आणि पहिली खताची मात्रा कृषी केंद्रातून उधारीवरच आली होती. कर्जाची रक्कम तिथे जाऊन ती उधारी फेडली, एवढाच त्या वर्षी फरक पडला.

अडचण

आमच्या भागात ज्याला नवं-जुनं म्हणतात, ते बाहेरच्या माणसाला समजावून सांगावं लागतं. जुनं कर्ज व्याजासकट पूर्ण भरायचं आणि काही दिवसांनी तेच कर्ज थोडं वाढवून नवं उचलायचं. भरायला पैसे नसतात, म्हणून ते चार-आठ दिवसांसाठी कोणाकडून तरी घ्यायचे. बँकेच्या वहीत शेतकरी नियमित दिसतो, बँकेची वसुली पूर्ण दिसते, आणि मधले आठ दिवस अडत्याचे असतात.

२०२४ च्या जूनमधला हिशोब माझ्या वहीत आहे. भरायचे होते मुद्दल १,३०,००० आणि व्याज ९,१००. काकांच्या हाती ५४,१०० होते. उरलेले ८५,००० अडत्याकडून शेकडा तीनने घेतले. आठवड्यात परत करायचे होते, पण लागले एकोणीस दिवस. त्यातले अकरा दिवस धाकट्या भावाला सुट्टी मिळेना म्हणून गेले, कारण सातबारा सामाईक आणि बँकेला तिघांच्या सह्या हव्यात. उरलेले मॅनेजरच्या बदलीत. अडत्याने पूर्ण महिना धरला: २,५५०. वकिलाचा सर्च रिपोर्ट (जमिनीवर आधीचा बोजा आहे का याची तपासणी) १,५००, स्टॅम्प पेपर ५००, दोघांच्या चार खेपांचं एसटीचं भाडं आणि झेरॉक्स मिळून आणखी ५००. बुडालेली मजुरी धरलेली नाही.

नवं कर्ज मंजूर झालं १,४३,०००. किसान क्रेडिट कार्डात दर वर्षी मर्यादा दहा टक्क्यांनी वाढते, ते इथे झालं. खात्यावर २७ जूनला रक्कम आली. त्यातून अडत्याचे ८७,५५० आणि वरचा खर्च २,५०० वजा केला की राहिले ५२,९५०. काकांनी स्वतःचे भरले होते ५४,१००. म्हणजे १,४३,००० चं कर्ज घेऊन पेरणीसाठी हातात आले ते त्यांचेच पैसे, तेही हजारावर कमी. मी हा हिशोब त्यांना दाखवला तेव्हा ते हसले. "ताई, आपन बँकेले कर्ज देऊन रायलो का बँक आपल्याले?"

वरचा ५,०५० रुपयांचा खर्च १,३०,००० वर मांडला तर जवळजवळ चार टक्के होतो. व्याजाची सवलत मागाहून खात्यात येते. हा खर्च मात्र आधी खिशातून जातो आणि कुठल्याही आकडेवारीत दिसत नाही.

त्या हंगामात कापूस झाला सतरा क्विंटल, सोयाबीन अकरा. २०२४-२५ चा सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ होता, काकांनी गावातच ४,०५० ने विकलं, कारण खरेदी केंद्रावर नंबर लागेपर्यंत वेचणीच्या बाया थांबणार नव्हत्या. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,५२१. काकांना पडला सरासरी ६,९००. खर्च, घर आणि मुलीच्या नर्सिंगचा पहिला हप्ता जाऊन मार्च २०२५ ला घरात ६२,००० रुपये होते. बँकेचे २६ जूनपर्यंत भरायचे होते १,५३,०१०.

नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत कर्जमाफीचं आश्वासन दिलं गेलं होतं. मार्च अखेरीस तेव्हाचे अर्थमंत्री अजित पवारांनी ३१ तारखेच्या आत पैसे भरा असं जाहीरपणे सांगितलं. गावात मात्र कोणी ते शेवटचं मानलं नाही.

समोर असलेले पर्याय

एप्रिलमध्ये एका संध्याकाळी काकांच्या ओसरीवर आम्ही बसलो. काका, शेजारचे एक भाऊ (त्यांचं कर्जही त्याच शाखेत, रक्कमही तेवढीच), आणि मी. काकू आत भाकरी टाकत होत्या. त्यांना बाहेर बोलावण्याचं तिघांपैकी कोणालाच सुचलं नाही.

पहिला पर्याय नेहमीचा: ९१,००० अडत्याकडून घेऊन नवं-जुनं. दुसरा, भाव वाढेल म्हणून घरात ठेवलेला थोडा कापूस विकून थोडीफार रक्कम भरणं. बँकेने स्पष्ट सांगितलं की अर्धवट भरलं तर खातं नियमित होत नाही, म्हणून तो लगेच मागे पडला. तिसरा, काहीच न भरता थांबणं.

थांबण्याच्या बाजूने काकांकडे पुरावा होता, आणि तो खोडणं मला जमलं नाही. २००८ च्या केंद्राच्या माफीत पूर्ण माफी दोन हेक्टरपर्यंतच्यांना होती. आमच्याकडे सात-आठ एकर कोरडवाहूवाले, ज्यांचं उत्पन्न पश्चिमेकडच्या दोन बागायती एकरांएवढंही नाही, ते त्या पूर्ण माफीबाहेर राहिले. २०१७ ला दीड लाखापर्यंत. २०१९ ला दोन लाखांपर्यंत, पण ३० सप्टेंबर २०१९ ला ज्यांची थकबाकी होती त्यांचीच. ज्यांनी नियमित भरलं त्यांना ५०,००० पर्यंत प्रोत्साहन मिळालं ते २०२२ मध्ये, तेही तीनपैकी दोन वर्षं वेळेवर भरल्याची अट पाळली असेल तर.

"भरून काय भेटलं त्याले?" काका गावातल्या एका नियमित शेतकऱ्याचं नाव घेऊन म्हणाले. "पन्नास हजार, तेबी दोन वर्सानं. अन् आमच्या बुढ्यानं नाई भरलं तर सव्वा लाखाच्या जवळ गेले."

याला लबाडी म्हणणारे लोक मला भेटतात, बहुतेक शहरातले. तीन माफ्यांनी जे शिकवलं ते शिकलेला माणूस आहे हा.

चौथा पर्याय सोनेतारणाचा होता. तो त्या संध्याकाळी निघालाच नाही.

काका शेवटी माझ्याकडे वळले. "मंग तुमीच सांगा ताई, भराव का थांबाव?" मी म्हटलं, जूनपर्यंत थांबून बघा, काही घोषणा झाली तर ठीक. मला वाटत होतं की उशिराचा दंड म्हणजे फार तर तीन टक्क्यांची सवलत जाईल आणि देय तारखेनंतर साधारण व्याजदर लागेल. दीड लाखावर ते परवडण्यासारखं होतं. पीककर्जाचं खातं लगेच अनुत्पादक होत नाही, दोन पीकहंगाम थकल्यावर होतं, हेही मला माहीत होतं. मी व्याज मोजलं. त्या तारखेला आणखी काय काय बांधलेलं आहे ते बघितलं नाही.

शेजारच्या भाऊंनी घरी जाऊन वेगळंच ठरवलं. त्यांनी जूनमध्ये अडत्याकडूनच पैसे घेऊन नवं-जुनं केलं. कारण विचारलं तर म्हणाले, बायको ओरडली.

काय केलं

२६ जून २०२५ उलटली. खातं थकीत झालं, नवं कर्ज नाही. पेरणी तर करायचीच होती. काकूंच्या नावाने एका मायक्रोफायनान्स कंपनीकडून ४५,००० घेतले, दोन वर्षं, दर पंधरवड्याला १,१०० चा हप्ता. आमच्या बचत गटातून का नाही, असं कोणी विचारेल. गटाचं अंतर्गत कर्ज त्या महिन्यात आधीच दोघींना गेलं होतं. कृषी केंद्रातून ३२,००० ची उधारी झाली. डीएपी खताच्या गोणीची पावती १,३५० चीच, पण उधारीच्या वहीत १,५५० लिहिलेले. कपाशीच्या बियाण्याचं पाकीट ९०१ रुपयांचं, तेही वहीत हजारावर.

यात आणखी एक गोष्ट हातातून सुटली आणि ती कोणाच्या लक्षातही आली नाही. नियमित कर्जदाराचा पीकविम्याचा हप्ता, त्याने नको असं लिहून दिलं नाही तर, बँकच कापून भरते. खातं थकल्यामुळे तो कापला गेला नाही. एक रुपयातला विमा २०२५ च्या खरिपापासून बंद झाला होता, त्यामुळे सेतू केंद्रात जाऊन स्वतः भरायची सवयही मोडली होती. काका विम्याशिवाय राहिले.

ऑगस्टच्या मध्यात पाऊस लागला. आमच्या मंडळात एका दिवसात ६५ मिलिमीटरच्या वर, म्हणजे अतिवृष्टी. पंचनाम्यावर काकांच्या नुकसानीची तारीख १८ ऑगस्ट पडली. मी शेतात गेले तेव्हा सोयाबीनच्या ओळींत पाणी उभं होतं आणि खालच्या शेंगा हाताला बुळबुळीत लागत होत्या. सप्टेंबरात पुन्हा पाऊस झाला. पऱ्हाटीची खालची बोंडं काळी पडून उमललीच नाहीत. कापूस शेवटी आठ क्विंटल निघाला. सोयाबीन काढणीला परवडेल एवढंही नव्हतं, गुरं सोडली.

काय झालं

नैसर्गिक आपत्तीत पीककर्जाचं पुनर्गठन करण्याची सोय आहे. रिझर्व्ह बँकेच्या तेव्हाच्या (२०२५) मार्गदर्शक सूचनांप्रमाणे नुकसान ३३ टक्क्यांच्या वर असेल तर अल्पमुदतीचं कर्ज मुदत कर्जात बदलत: नुकसान ५० टक्क्यांपर्यंत असेल तर दोन वर्षं, त्याहून जास्त असेल तर पाच वर्षांपर्यंत मुदत, पहिलं वर्ष वसुली नाही. आणि शेतकरी नव्या हंगामासाठी नवं कर्जही घेऊ शकतो.

ऑक्टोबरमध्ये काका, शेजारचे भाऊ आणि मी एकत्रच बँकेत गेलो. दोघांचा पंचनामा सारखा, नुकसान सारखं, जमीन लागून. मॅनेजरने दोन्ही खाती पडद्यावर काढली. भाऊंचा अर्ज घेतला. काकांच्या खात्यावर बोट ठेवून म्हणाले, "आपत्तीच्या तारखेला हे खातं थकीत होतं. जे आधीच थकलेलं आहे ते यात बसत नाही."

ते नियमाला धरून बोलत होते. सूचनांमध्ये तसंच होतं: आपत्तीच्या वेळी थकीत असलेली कर्जं सोडून बाकीची पुनर्गठनाला पात्र. २६ जून ते १८ ऑगस्ट, त्रेपन्न दिवस. एप्रिलच्या त्या संध्याकाळी मला हे माहीत असतं तर मी काय सल्ला दिला असता, हे मी तेव्हापासून बऱ्याचदा स्वतःला विचारलं आहे.

काका बाहेर येऊन बँकेच्या पायरीवर बसले. पाणी प्यायले. म्हणाले, "पानी आलं असतं मे मंदी तर चाललं असतं म्हना." मग आम्ही तिघांनी चहा घेतला आणि पैसे भाऊंनी दिले.

सरकारी मदत आली, तुकड्यातुकड्याने. कोरडवाहूला हेक्टरी ८,५०० प्रमाणे दोन हेक्टरचे १७,०००, आणि रब्बीच्या बियाण्यासाठी हेक्टरी १०,००० जाहीर झाले त्यातले २०,०००. पण सामाईक सातबारा म्हणून भाऊ-बहिणीची संमती, तिघांची ई-केवायसी, यात डिसेंबर उजाडला. दरम्यान मायक्रोफायनान्सचा हप्ता चुकला नाही. तो चुकवता येत नाही. हप्त्याच्या दिवशी बाकीच्या नऊ बाया दारात बसलेल्या असतात.

नोव्हेंबरमध्ये काकूंनी स्वतःहून विषय काढला. पेटीतून रुमालात बांधलेली माहेरची पोत आणि दोन पाटल्या काढून माझ्यासमोर ठेवल्या. सोन्याचा भाव तेव्हा दहा ग्रॅमला लाखाच्या पुढे होता. बँकेत शेतीसाठीच्या सोनेतारणावर ६०,००० त्याच दिवशी मिळाले, व्याज वर्षाला नऊ टक्क्यांच्या आसपास. ना सर्च रिपोर्ट, ना भावाची सही. त्यातून कृषी केंद्राची वही बंद केली आणि उरलेल्यात हरभरा पेरला.

परत येताना एसटीत मी म्हटलं, काकू, हे जूनमध्ये केलं असतं तर? त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "मले कोनी इचारलंच नाई. तुमी बी नाई."

शेजारच्या भाऊंचं सगळं छान झालं असं समजू नये. त्यांचं कर्ज हप्त्यांत गेलं आणि नवं कर्जही मिळालं, पण आता त्यांच्या सातबारावर दोन बोजे आहेत. पुनर्गठित रकमेला व्याज सवलत पहिल्याच वर्षी. पुढे साधारण दर. दोन्ही मिळून बाकी दोन लाखांच्या पुढे गेली आहे. आणि २०१९ च्या योजनेत मुद्दल-व्याजासह दोन लाखांवर थकबाकी असलेली खाती बाहेर राहिली होती, हे त्यांनाही आठवतं. पुढच्या माफीत मर्यादा काय असेल, यावर त्यांचं शहाणपण खरं ठरतं की काकांचं, हे अवलंबून आहे.

ऑक्टोबर अखेर बच्चू कडूंच्या नेतृत्वाखाली नागपुरात रस्ते अडवले गेले आणि त्यानंतर सरकारने ३० जून २०२६ च्या आत कर्जमाफीचा निर्णय घेऊ असं सांगितलं. काकांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेभोवती मुलीने पेनाने गोल केलाय.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी जूनचा निर्णय. सोनेतारणावर ९१,००० एका महिन्यासाठी घेतले असते तर व्याज सातशेच्या आत आलं असतं. अडत्याचे तेच २,७३० झाले असते. खातं नियमित राहिलं असतं, विमा कापला गेला असता, पुनर्गठन मिळालं असतं आणि सोनं जुलैत पेटीत परत आलं असतं. माफी झाली असती तर ते कदाचित तिच्याबाहेर राहिले असते, हे खरं. पण हा हिशोब निदान मांडायला तरी हवा होता. तो न मांडला जाण्याचं कारण साधं आहे: ज्या बाईचं सोनं, ती स्वयंपाकघरात होती आणि आम्ही ओसरीवर.

दुसरं, सर्च रिपोर्ट. २०१९ पासून १ लाख ६० हजारांपर्यंतच्या शेतीकर्जाला तारण लागत नाही, जानेवारी २०२५ पासून ती मर्यादा दोन लाख झाली. तीन लाखांपर्यंतच्या किसान क्रेडिट कार्डावर प्रक्रिया आणि कागदपत्रांचं शुल्क घेऊ नये असं बँकांच्या संघटनेनेही २०१९ मध्येच सांगितलं होतं. १,४३,००० साठी सर्च रिपोर्ट कशाला, हे शाखेत लेखी विचारायला हवं होतं. वारसांची जमीन म्हणून मागितला असेल, पण मग ते तरी कागदावर आलं असतं. आम्ही विचारलं नाही, कारण विचारणाऱ्याची फाईल खाली जाते हे सगळ्यांना माहीत आहे.

तिसरं वाटणीचं. महसूल कायद्याच्या कलम ८५ खाली तहसीलदाराकडे सहमतीने वाटणी करून घेतली असती तर अकरा दिवस, डिसेंबरपर्यंत रखडलेली मदत, दरवर्षी चाकणहून येण्याचं भाडं, हे सगळं वाचलं असतं. याला कर्ज लागत नाही, पाऊस लागत नाही. तीन सख्ख्या भावंडांनी एका दिवशी एकत्र यावं लागतं. २०२२ पासून मी दर वर्षी सांगते आणि दर वर्षी ते दिवाळीला करू असं ठरतं.

बँकेच्या बाजूनेही एक गोष्ट होती. देय तारीख काकांच्या मोबाईलवर आली ती इंग्रजीत, तेवीस जूनला. थकल्यास पुनर्गठन आणि विमा दोन्ही जाईल, हे एप्रिल-मेमध्ये मराठीत एका कागदावर शाखेच्या दाराशी लावलं असतं तरी ओसरीवरचं बोलणं वेगळं झालं असतं. मी आता तो कागद स्वतः लिहून आमच्या गटांच्या वह्यांत चिकटवते. वरच्या ओळीत प्रत्येकीच्या घरच्या कर्जाची तारीख.

जानेवारी २०२६ मध्ये काकांच्या घरी बैठक झाली, या वेळी काकू बाहेर होत्या. अक्षय तृतीयेला भाऊ आणि बहीण दोघं येणार आहेत. तलाठ्याकडून अर्जाचा नमुना आणून ठेवलाय. कर्ज भरायचं की तीस जूनपर्यंत थांबायचं, यावर काका थांबायचं म्हणतात. काकूंचं म्हणणं, आधी सोनं सोडवायचं. हरभरा घाटे धरतोय.